बॅटरी उतरू दिली न्हाय

माझं माहेर हुपरी, चांदीचं गाव, पावणं, तुम्ही ऐकलं असंलच, घराघरात भट्टी आनि घराघरात पैंजनं, आमच्यात सकाळी उठलं की आई चुलीफुडं आनि आम्ही भावंडं कड्या जोडायला, घुंगरं लावायला, बोटांची टोकं काळी पडायची ती आंघोळ केली तरी निघत नव्हती. माझं नाव सुशीला, समदी सुशीलाक्का म्हनत्यात. तुम्ही पैंजनाच्या कामाचं इचारायला आलाय ते ठावं हाय मला, सांगती की, पन मघाधरनं तुमची नजर सोप्यातल्या ह्या बुलेटवनं हालंना झाल्या, आनि तिला लावलेल्या वायरीकडं तर लईच बघाय लागलाय, मग आधी तेच ऐका, नायतर तुमचं ध्यान लागायचं न्हाय.

लगीन होऊन मी कोल्हापुरात आले, मंगळवार पेठंत, ह्याच घरात. बानं मला चांदी दिलती, माझ्याच हातनं जोडलेल्या पैंजनांची, आनि ती मोडून ही बुलेट आली. नवी गाडी म्हटल्यावर आमच्यात पयलं चाक जोतिबाकडं फिरवायचं, दुसरीकडं कुठं न्हाय, तसं डोंगरावर जाऊन गुलाल टाकून आनलेली, त्यो फुडं आनि मी मागं, नवी साडी, डोस्क्यात गुलाल. त्यो म्हंजे माझा नवरा, बाळासाहेब, एकदा नाव घेतलं, आता परत घेत न्हाय, माझी जीभ विटत्या. गाडीवर जीव लई त्येचा. सकाळ-सांज फडकं मारायचा आनि मला हात लावू द्यायचा न्हाय, बाईमानसाचा हात लागला की गाडी रुसत्या म्हनायचा. चांदी माझी आनि रुसनार माझ्यावरच, बघा आता.

मग त्येनं ट्रॅक्टर घेतला, ऊस ओढायला बिद्रीच्या कारखान्याकडं जायाला लागला, हंगामात तिकडंच ऱ्हायचा, आनि एका साली हंगाम संपला तरी येईना. मग कळलं, तिकडं दुसरं घर मांडलंय. त्या बाईला मी शिवी देत न्हाय, तिला त्येनं मी मेले म्हनून सांगितलतं, ती बिचारी काय करनार. एक दिस कापडं न्यायला आला. मला आधीच वास आलता, मी गाडीची चावी जोंधळ्याच्या पिठात दडवून ठेवली. घर पालथं घातलं त्येनं, माझी पेटी उपसली, देव्हारा बी सोडला न्हाय, चावी काय गावली न्हाय. शेवटी पिशवी उचलली आनि दारातनं म्हनला, ठेव उरावर, म्हयन्याभरात बॅटरी मरंल, मग भंगारवाल्याला हाक मार. सासू दारात उभी, आम्ही आत्ती म्हनायचो त्येंला, म्हाताऱ्या, म्हनत्यात जेवून तरी जा रं. त्यो जेवला न्हाय, तसाच गेला. कापडं नेली आनि आई ठेवली, असला मानूस.

खंडेनवमीला परत उगवला. खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजत्यात, इळा-कोयता, माझी सांडशी-हातोडी बी, आनि गाडी असंल तर तिला हार, चाकाखाली लिंबू. ह्यो आला त्यो एकटा न्हाय, भावकी घेऊन आला, आनि म्हनला गाडीची पूजा गड्यानं करायची असती, बाईनं न्हाय, तवा गाडी माझी. चोराच्या उलट्या बोंबा. त्येचं थोरलं चुलतं व्हतं, आबा म्हनायचो आम्ही, भावकीत त्येंचा शब्द शेवटचा. मी त्येंच्यासमोर हात जोडून सांगितलं, आबा, ही माझ्या बाच्या चांदीची हाय. आबानं तंबाकू मळली, दाढंखाली धरली आनि म्हनले, गाडी म्हंजे लक्ष्मी, जो चालती ठेवील त्येची. फुडच्या सालापासनं दर खंडेनवमीला भावकीसमोर तीन किका मारायच्या. तीन किकंत चालू झाली तर वरीसभर हिची. न्हाय झाली तर त्येनं न्यावी, परत कुनी बोलायचं न्हाय. मी इचारलं, किक कोन मारनार? आबा म्हनले, जिची गाडी तिनं. तवा समदी हासली, पावणं. पोटं धरून हासली. त्यो सगळ्यात मोठ्यांदा हासला, आनि माझ्या काळजावर चटका बसला त्यो तिथंच. मी मनात म्हनलं, हास लेका, ही गाडी तुझ्या हाताला लागू दिली तर बाचं नाव लावनार न्हाय.

माझा भाऊ दर रविवारी हुपरीस्नं यायचा, त्येनं मला किक शिकवली. बुलेटची किक म्हंजे काय चेष्टा न्हाय, ह्यो खालचा दांडा दाबून ह्या फुडच्या तबकडीतला काटा मधी आनायचा, आनि मग समदं अंग टाकून मारायची, चुकली तर उलटी येत्या. हे बघा नडगीवर, हाडापतूर गेलतं. पन शिकले. आनि मग काय, रोज सकाळी पारोशीच किक मारायची, जरा फडफडू द्यायची आनि बंद करायची, मला वाटायचं म्हशीला रोज पिळलं की ती दूध देत ऱ्हात्या तसंच हे. थोड्याच दिसात गाडी खोकाय लागली, दिवा मिनमिन जळाय लागला, आनि एक दिस किक मारून मारून माझा पाय सुजला पन तिनं हूं का चूं केलं न्हाय.

उद्यमनगरात मल्लूअण्णाचं बॅटरीचं दुकान व्हतं. लिंगायत मानूस, सीमाभागातला, घरात कानडी बोलनारा, मराठी बोलला तरी मधीच इल्ला, बेकू घालायचा. त्येनं बॅटरी बघितली, मी काय करती ते ऐकलं, आनि कपाळाला हात लावला. म्हनला अक्का, तू रोज काढून घेत्यास, घालत काय बी न्हाईस. किक मारली, जागच्या जागी फडफडवली, बंद केली, तेवढ्यात बॅटरीतनं गेलेलं भरून येतंय व्हय? गाडी रस्त्यावर पळाली तर भरंल. आनि नुसती उभी ठेवलीस तरी ती आपोआप उतरतच असत्या, गळक्या घागरीगत. मी म्हनलं मग तुमच्या ह्या मोठ्या चार्जरला आठवड्याला लावत जाऊ काय. तर म्हनला त्येनं उकळून मरंल. मग त्येनं मला एक बारकं खोकं करून दिलं, मेंटेनन्स चार्जर म्हनायचं त्येला, एक लाल चिमटा, एक काळा चिमटा. कायम लावून ठेवायचा. बॅटरी भरली की आपोआप थांबनार, जरा उतरली की परत थोडं थोडं देनार. लाल दिवा म्हंजे भरत्या, हिरवा म्हंजे भरली. चिमट्याच्या जागी व्हॅसलीन लावायचं म्हंजे पांढरी बुरशी चढत न्हाय, आनि पानी कमी झालं की ह्या डब्यातलं बॅटरीचं पानी घालायचं, एवढंच. तवापासनं ही गाडी सोप्यात आनि ही वायर भितीपतूर.

पयली खंडेनवमी आली. भावकी दारात, त्यो नवा शर्ट घालून आलेला, गाडी न्यायच्या तयारीनं, पेट्रोलचा डबा बी आनलावता संगं. मी पदर खोचला, गाडीला हळद-कुंकू लावलं, काटा मधी आनला आनि मारली. पयली गेली फुकट. त्यो आबाकडं बघून हासला. दुसरीला पेटली, आनि काय सांगू तुम्हास्नी, त्यो फटफटाट आमच्या सोप्यातनं पार गल्लीच्या तोंडापतूर गेला, शेजारच्या बायका कामं टाकून दारात आल्या. मी समद्यास्नी पेढं वाटलं आनि त्येच्याफुडं बशी धरून म्हनलं, माझी गाडी चालू झाली त्येचा पेढा हाय, घ्या. घेतला त्येनं, भावकी बघत व्हती, न घेऊन सांगतोय कुनाला. त्यो पेढा त्येच्या घशातनं कसा उतरला ते मी डोळं भरून बघितलं. तसं मग वरसामागनं वरीस. वरीसभर मान मोडून कड्या जोडायच्या, आत्तीचं करायचं, आनि त्या एका दिसाची वाट बघायची. लोकं म्हनायची सुशीला, सोड की, एवढा राग बरा न्हवं. मी म्हनायची माझा राग मला पोसतोय, तुम्हाला काय त्येचं.

मग एका साली घात झाला. खंडेनवमी तोंडावर आलेली आनि चार्जरचा लाल दिवा काय हिरवा होईना. मी बॅटरी पिशवीत घालून उद्यमनगर गाठलं. मल्लूअण्णानं टोपनं काढली, आत वाकून बघितलं, परत बघितलं, आनि मला म्हनला, अक्का, ह्यात गुलाल कुठनं आला? बॅटरीतलं पानी गुलाबी व्हतं, पावणं. माझ्या डोस्क्यात लख्ख पडलं. आधल्या रविवारी आत्ती जोतिबाला जाऊन आलत्या, बाटलीतनं तीर्थ आनलंवतं, आनि ती बाटली मी रिकामी बघितली व्हती. मल्लूअण्णा म्हनला अज्जीला सांग, देवाचं पानी देवाला, बॅटरीला निव्वळ पानी लागतंय, ज्यात काय बी नसतंय, पुण्य सुद्धा न्हाय.

मी घराकडं आले ती जाळ होऊन. मला वाटलं त्येनं शिकवून ठेवलंय म्हातारीला, लेकाला गाडी मिळावी म्हनून हिनं बॅटरी मारली, आनि मी हिचं धुनं धुती, हिला भाकरी मोडून दुधात घालून देती. दारातच सुरू केलं, म्हनलं आत्ती, तुमच्या पोराला गाडी पायजे म्हनून बॅटरी मारलीसा व्हय? आत्ती कॉटवर बसलेल्या. मग म्हनल्या, सुशे, मारीन कशाला? डब्यातलं पानी संपलंवतं, म्हनलं देवाचं घालावं, म्हंजे नक्की चालू व्हईल. मी म्हनलं चालू व्हऊन तुमचा काय फायदा? तुमच्याच पोराची हार हाय की त्यात.

तवा त्या हळू आवाजात बोलल्या. म्हनल्या, गाडी गेली तर त्यो येईल कशाला? वरसातनं एक दिस येतोय, ते बी गाडी बघायला येतोय, मला न्हाय, म्हायती हाय मला.

मी पिशवी खाली ठेवली आनि तिथंच उंबऱ्यावर बसले. इतकी वरसं मी वैरानं दिवा बघत व्हते आनि त्याच दिव्याकडं ही म्हातारी पोराची वाट म्हनून बघत व्हती, आनि मला पत्ता न्हाय. माझी मलाच लाज वाटली, तिची कीव आली, आनि त्येच्यावरचा राग तर कमी झाला न्हायच, दुप्पट झाला. आईला गाडीच्या बॅटरीचा आधार घ्यायला लावनारा पोरगा, त्येला काय म्हनावं.

मल्लूअण्णानं नवी बॅटरी दिली, पन नवी भरायला वेळ लागतोय, त्येनं दुकानातच लावून ठेवली आनि खंडेनवमीच्या सकाळी स्वतः आनून बसवली. पयली किक गेली, दुसरी गेली. आत्तींचं डोळं मिटलेलं, तोंडात चांगभलं चांगभलं. तिसरीला पेटली. मी आधी त्येच्याकडं बघायची दरसाली, त्या साली आत्तींकडं बघितलं.

त्या दिसापासनं चार्जरच्या राखनीला आत्ती. कॉट मी गाडीच्या बाजूलाच सरकवली. ते भारनियमन सुरू झालं तवा तर जास्तच काम, लाईट गेली की आत्ती बटन बंद करनार, आली की ओरडनार, सुशे, लाईट आली गं, लाव. पाव्हनारावळा आला तरी आधी त्येला दिवा दाखवनार, हिरवा हाय बघा म्हननार. आनि मल्लूअण्णा म्हनला अक्का, बॅटरी राहील चार्जरवर, पन गाडीला रस्ता पायजे, नायतर दुसरंच काय तरी गंजंल. मग भावाकडनं मी चालवायला शिकले, त्येचीच जुनी प्यांट साडीखाली घालून, तवाच्या बुलेटला उजव्या पायानं गेर, डाव्या पायानं ब्रेक. पेठंतली पोरं शिट्ट्या मारायची, बायका तोंडाला पदर लावायच्या. एकदा रंकाळ्यावर आत्तींस्नी मागं बसवून भेळ खायला नेलं, मग शिट्ट्या बंद झाल्या.

आत्ती पडल्या त्या पावसाळ्यात, गनपती बसायच्या आधी. अन्न सुटलं. डॉक्टर म्हनला आता घरीच ठेवा, कुनाला बोलवायचं असंल तर बोलवा. आत्ती सारखं त्येचंच नाव घ्यायच्या. मी शेजारच्या घरातनं फोन लावला बिद्रीला, तिथल्या एका दुकानात निरोप दिला, दुसऱ्या दिशी परत लावला, तवा त्यो आला फोनवर. मी सांगितलं आई लई दिसाची न्हाय. त्यो काय म्हनला ऐका. म्हनला खंडेनवमी आलीच की आता, तवा येतोयच, दोन दोन हेलपाटं कशाला. ऊस नव्हता, हंगाम नव्हता, ट्रॅक्टर शेडात उभा, आनि ह्येला हेलपाटा जड झाला.

शेजारनीला आत्तींपाशी बसवलं, चार्जरचं चिमटं काढलं आनि गाडी भाईर काढली. पयल्या किकंला पेटली. गारगोटीच्या रस्त्यानं एकटी गेले, पाऊस भुरभुरत व्हता, डोळ्यात पानी जात व्हतं, थांबले न्हाय. बिद्रीत च्याच्या टपरीवर बसलावता, चार मानसांच्यात, पायावर पाय टाकून. त्येनं आधी मला बघितलंच न्हाय, गाडीला बघितलं. आवाज वळखीचा. मग वर नजर गेली आनि कप तसाच हातात ऱ्हायला. त्यो उठून आला, इकडं तिकडं बघत बारीक आवाजात म्हनला, चावी दे, मी चालवतो.

चावी मिळायची न्हाय, मी म्हनलं. आई बोलवत्या. बस मागं.

त्येला अरे-तुरे मी त्या दिशी पयल्यांदा केलं. त्यो म्हनला सांजंच्या यष्टीनं येतो, तू हो फुडं. मी म्हनलं मग मी हितंच हार्न वाजवत बसती, आनि वाजवला. टपरीतलं एक म्हातारं म्हनलं, जा की रं गप, आई हाय तुझी. मागनं कोन तरी हासलं. तवा बसला. मागचं लोखंड दोन्ही हातानं धरून बसला, मला हात लावायची छाती झाली न्हाय त्येची. मी गाडी बिद्रीच्या बाजारातनं सावकाश काढली, आनि कोल्हापुरात आल्यावर सरळ रस्ता सोडून मुद्दाम भावकीच्या गल्लीतनं न्हेली, आबाच्या दारावनं. आबा जाऊन तवा बरीच वरसं झालती, पन त्येंची पोरं, सुना, समदी भावकी भाईर आली. जी पोटं धरून हासलीवती त्येनीच बघितलं, बुलेट चालवत्या कोन आनि मागं बसलाय कोन. त्या दिशी कुनी हासलं न्हाय. पावणं, देव मला वैकुंठाला नेवो न्हायतर कुठं बी नेवो, माझं सोनं झालं ते त्या गल्लीत.

घरात आला. आत्तींनी डोळं उघडलं, त्येला बघितलं, हात वर करून त्येच्या तोंडावनं फिरवला. आनि म्हनल्या, आली व्हय रं खंडेनवमी? मला कुनी सांगितलं बी न्हाय. मग माझ्याकडं मान वळवून म्हनल्या, सुशे, गाडी चालू कर की, पोरगं खोळंबलंय.

त्यो तिथंच कॉटच्या पायाशी खाली बसला आनि लेकरागत रडाय लागला. एवढ्या वरसात मी त्येला लई घालूनपाडून बोलले असंन, मनात तर रोज शिव्या दिल्या, पन त्यातलं एक बी त्येला लागलं न्हवतं. हे लागलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आत्तींसाठी आतडं तुटत व्हतं आनि त्येच्यासाठी बरं वाटत व्हतं, दोन्ही एकदमच. आत्तींनी सांगितलं म्हनून मी गाडी चालू केली. पयल्या किकंला पेटली. आत्ती हासल्या, म्हनल्या झालं, जा आता फुडच्या साली ये.

मग त्येंनी चार दिस बी काढलं न्हाईत. तेराव्याला भावकी उठून गेल्यावर त्यो म्हनला, सुशीला, गाडी तुझीच, मी आता बघायला येत न्हाय. मी म्हनलं तसं जमायचं न्हाय. आबा गेले, आबाचा शब्द न्हाय गेला. आईसाठी आला न्हाईस, गाडीसाठी येत व्हतास, तर गाडीसाठीच यायचं. माझ्या पायात किक मारायची ताकत हाय तवर दर खंडेनवमीला ह्या सोप्यात उभं ऱ्हायाचं, आईची कॉट व्हती तिथं. न्हाय आलास तर मी बिद्रीला येती, वाट ठावी हाय मला आता.

येतोय. दरसाली येतोय. डोस्कं पांढरं झालं, ट्रॅक्टर इकला, तिकडं बी त्येचं धड न्हाय म्हनत्यात. पयल्या यष्टीनं येतोय, कॉटच्या जागंवर उभा ऱ्हातोय, मी किक मारती, चालू व्हती, त्यो बघतोय आनि जातोय. पानी देती, च्या देत न्हाय. मल्लूअण्णाचं दुकान आता त्येचा ल्योक चालवतोय, बॅटरी जुनी झाली की मी सांगायच्या आधी नवी काढून ठेवतोय, त्येला बी म्हायती हाय तारीख चुकवायची न्हाय.

तुम्ही आता म्हननार माफ करा, मला कळतंय तुमच्या तोंडावनं. शिकलेली मानसं तसंच म्हनत्यात. त्येच्या आईनं त्येला माफ केलतं, त्यो दारात यायच्या आधीच केलतं, त्यो तिचा पोरगा व्हता. माझा कोन लागतोय त्यो? गेल्या साली जाताना उंबऱ्यात थांबला, चप्पल पायात घातली, परत काढली, आनि म्हनला, सुशीला, कवर चालायचं ह्ये?

मी म्हनलं, बॅटरी चांगली हाय अजून.

बसा, च्या ठेवती. तुम्ही ऐकून घेतलासा, तुमचं भलं व्हऊ दे, तुमच्या घरात कुनाच्या वाटेकडं कुनाला डोळं लावायला लागू ने. पैंजनाचं आता सांगती. तेवढं त्या वायरीवनं पाय जपून टाका, लाईट आत्ताच आल्या.